दवाखान्यातलं कॅन्टीन आणि आजारी मूल: पालकांचे नेहमीचे प्रश्न

लेकीच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उपचारांत मुंबईत परळला आमची अडीच वर्षं गेली. तेव्हापासून ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक फोन करतात. औषधांचं ते डॉक्टरांना विचारतात, मला विचारतात, "ताई, तुम्ही जेवायचात कुठे?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या मुलाच्या फाइलवर यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर फाइल खरी. आणि एक गोष्ट सगळ्या उत्तरांत धरून चालले आहे: तुमचं ताट वेगळं, मुलाचं ताट वेगळं. तुमच्या ताटात काय असावं ते कॅन्टीनच्या फळ्यावर बघा, मुलाच्या ताटाचं वॉर्डात विचारा.

१. दवाखान्यातून जेवण कुणाला मिळतं? फक्त मुलाला, की सोबतच्यालाही?

दाखल मुलाचं जेवण साधारणपणे वॉर्डात येतं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ते तिथल्या स्वयंपाकघरातून येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर रुग्णाचं जेवण पॅकेजमध्येच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे मागितले तर योजनेच्या काउंटरवर बसलेल्या आरोग्यमित्राला गाठा. खासगीत जेवण बिलात लागतं.

सोबतच्या माणसाने मात्र आपली सोय आपण करायची, हा सर्वसाधारण नियम. याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईलाही जेवण मिळतं. आणि अंगावर पाजणारी आई असेल तर बऱ्याच ठिकाणी तिचं ताट वॉर्डातूनच येतं, पण ते मागावं लागतं. पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारा. दहाव्या दिवशी कळलं की फार वाईट वाटतं.

२. कॅन्टीनला कधी जावं म्हणजे रांगेत वेळ जाणार नाही?

साडेअकराच्या आत किंवा अडीचनंतर. ओपीडी सुटली की अख्खं गाव तिथे असतं. मोठ्या कॅन्टीनमध्ये आधी पैसे भरून टोकन घ्यायचं, मग खिडकीवर जायचं. नवा माणूस हमखास आधी खिडकीवर उभा राहतो. कॅन्टीन तळघरात असेल तर मोबाइलला रेंज नसते आणि गूगल पे फिरत बसतं. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. रात्री बंद कधी होतं ते आल्या आल्या विचारून घ्या, कारण रात्रीच्या भुकेचा वेगळाच अध्याय आहे (प्रश्न ७).

३. मुलाला पलंगावर एकटं टाकून मी जेवायला कशी जाऊ?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे. एकाच नातेवाइकाचा पास असतो, नवरा गावी किंवा कामावर, आणि घास घशाखाली उतरत नाही. माझा पहिला आठवडा चहा-बिस्किटांवर गेला. आठव्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये चक्कर येऊन पडले आणि सिस्टरांना एकाऐवजी दोन पेशंट सांभाळावे लागले. वर त्यांनी झापलं, आणि बरोबर झापलं.

जाण्याच्या वेळा आणि न जाण्याच्या वेळा असतात. रक्त किंवा प्लेटलेट नुकत्याच लावल्या असतील तर पहिली पंधरा मिनिटं तरी हलू नका, रिअ‍ॅक्शन आली तर बहुतेक सुरुवातीलाच दिसते. नवं औषध सलाइनमधून पहिल्यांदा जात असेल तेव्हाही थांबा. राउंडच्या आधी अर्धा तास जाऊ नका. डॉक्टर नेमके तेव्हाच येतात आणि पुढच्या दिवसापर्यंत तुमचा प्रश्न लटकतो. एरवी पलंगाचे कठडे वर करा, ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगा, शेजारच्या पलंगावरच्या आईला सांगा आणि जा. ती जाईल तेव्हा तुम्ही तिचं मूल बघा. वॉर्डातली सगळी नाती याच देवघेवीतून जुळतात.

मूल झोपल्यावर गुपचूप सटकू नका. उठल्यावर आई दिसली नाही की पुढचे दोन दिवस ते पदर सोडत नाही. "मी जेवून येते, पोळी-भाजी खाते, घड्याळातला मोठा काटा सहावर आला की परत" असं सांगून जा. आणि सहावर या.

४. कॅन्टीनमधलं मुलाला दिलं तर चालेल का?

आधी तीन गोष्टी विचारा: आज काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, किती आहेत (प्रश्न ५), पुढच्या काही तासांत काही प्रोसीजर आहे का (प्रश्न ६), आणि चार्टवर खास आहार लिहिला आहे का (प्रश्न ११). तिन्ही बाजूंनी मोकळं असेल तर सिस्टर बहुतेक "द्या" म्हणतात.

मग निवड करायची ती ताजं, पूर्ण शिजलेलं आणि डोळ्यांसमोर वाफाळत आलेलं बघून. गरम इडली चालेल, पण चटणी नको. चटणीतलं खोबरं कच्चं, वाटलेलं कधी ते माहीत नाही, पाणी कुठलं तेही माहीत नाही. उकळतं सांबार चालेल. पोहे-उपमा नुकताच उतरवला असेल तर ठीक, पण वरचा कच्चा कांदा, कोथिंबीर, ओलं खोबरं नको. थाळीतला भात, वरण, गरम फुलका द्यायला हरकत नाही. कोशिंबीर तुम्ही खा. कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फ घातलेलं काहीही, पिंपातलं सुटं ताक, क्रीमचा केक, हे उपचार चालू असेपर्यंत विसरायचं. वडापावचा वडा कढईतून थेट हातात आला तर गोष्ट वेगळी, पण तासभर परातीत बसलेला वडा म्हणजे कोमटच, आणि कोमट का नको ते प्रश्न ९ मध्ये आहे.

बाहेरच्या टपऱ्यांबद्दलही विचारतात. दवाखान्याच्या गेटबाहेरचा चहा तुमच्यासाठी आहे. मुलासाठी नाही.

५. "काउंट पडलेत, बाहेरचं काही देऊ नका" म्हणाले. म्हणजे नक्की काय काय बंद?

किमोनंतर (कॅन्सरच्या औषधांच्या फेरीनंतर) साधारण एक ते दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिलचा आकडा, ज्याला वॉर्डात सगळे एएनसी म्हणतात, ५०० च्या खाली गेला की साध्या जंतूंनाही शरीर तोंड देऊ शकत नाही. त्या दिवसांत कॅन्टीनचं जेवण मुलासाठी पूर्ण बंद धरा, गरम इडलीसुद्धा विचारल्याशिवाय नको.

प्रत्येक वॉर्डाची यादी वेगळी असते आणि त्यावरून पालक गोंधळतात. एकीकडे फळ अजिबात नको म्हणतात, दुसरीकडे जाड सालीचं चालतं. यामागे कारण आहे. पूर्वी अशा मुलांना सगळंच उकडून देण्याची पद्धत होती. नंतरच्या अभ्यासांत त्या कडक पथ्यामुळे जंतुसंसर्ग कमी झाल्याचं काही स्पष्ट दिसलं नाही. म्हणून बरीच रुग्णालयं आता खूप पदार्थ बंद करण्यापेक्षा हात, भांडी, पाणी आणि ताजेपणा यांवर भर देतात. तुमच्या वॉर्डाने जे सांगितलं ते करा. शेजारणीच्या चुलत भावाच्या दवाखान्यात काय चालायचं, ते सोडून द्या.

फळांना परवानगी असेल तर केळं, संत्रं, मोसंबी. आधी साल धुवायची, मग स्वतः हात धुऊन सोलायचं. द्राक्षं, स्ट्रॉबेरी आणि पालेभाजीची कच्ची पानं नकोतच. दह्याचं विचारून घ्या. त्यावर डॉक्टरांमध्येही एकमत आढळत नाही. ताप आला तर खाण्याची चर्चा बाजूला ठेवायची आणि तडक सिस्टरना सांगायचं. घरी असाल तर थेट रुग्णालय गाठायचं.

६. सकाळी एमआरआय आहे, "एनबीएम" लिहिलंय. थोडं दूध दिलं तर?

नाही. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही नाही. लहान मुलांना एमआरआय, बोन मॅरो (हाडातला मगज काढून करायची तपासणी), पाठीतलं इंजेक्शन यासाठी गुंगी किंवा भूल देतात. पोटात अन्न असेल आणि भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. साधारण हिशेब असा: जेवण, बिस्किट, गायीचं किंवा पावडरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. चहात दूध असेल तर तो दुधातच मोजतात.

आमच्याकडे हे एकदा फसलं. नणंद भेटायला आली होती. लेक रडत होती, तिच्याने बघवेना, तिने पर्समधून एक ग्लुकोजचं बिस्किट काढून दिलं. मी तेव्हा खाली कॅन्टीनच्या रांगेत. बोन मॅरो दुसऱ्या दिवसावर गेली आणि पोरीला उपास पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून पलंगाला कागद चिकटवायचे: "आज उपाशी ठेवायचं आहे, खाऊ देऊ नका." कागद मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत लावा. एनबीएम हे फक्त स्टाफला कळतं.

दोन गोष्टी वेळेत विचारून ठेवा. नंबर कितवा आहे (लहान मुलांना बहुधा आधी घेतात), आणि उशीर झाला तर पाणी कितीपर्यंत देता येईल. तुम्ही मात्र उपाशी राहू नका. मुलासमोर न खाता खाली जाऊन खा आणि चूळ भरून वर या. उपाशी मुलाला तुमच्या तोंडाचा बटाटावडा बरोबर कळतो.

७. स्टेरॉइड चालू झाल्यापासून रात्री दोन वाजता जेवायला मागतो. कॅन्टीन बंद. काय करू?

तो हट्ट करत नाही, औषध भूक लावतं. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडांच्या काळात मुलं एकच पदार्थ धरून बसतात. कुणाला फक्त डोसा, कुणाला फक्त वरणभातावर लिंबू. माझी लेक पहाटे तीनला उपमा मागायची आणि नाही मिळाला की भिंतीकडे तोंड करून बसायची. रागवून उपयोग नाही. तिलाही ते आवरत नव्हतं.

या दिवसांत मीठ अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो, साखरही वाढू शकते. म्हणून वेफर्स, फरसाण, पापड, लोणचं, सॉस आणि गोड पेयं यांवर हात आखडता ठेवा. कॅन्टीन बंद व्हायच्या आत रात्रीची तजवीज करून ठेवायची: कमी मिठाच्या राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या, केळं, डब्यात कोरडी दशमी. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-चणे आणि लाह्या देऊ नका, घशात अडकतात. संध्याकाळची इडली रात्री दोनपर्यंत उशाशी ठेवणं मात्र चूक. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. किमोनंतर कॅन्टीनच्या वासानेच उलटी होते. खायला घालू तरी कसं?

वास गरम अन्नाला जास्त येतो. म्हणून या दिवसांत ताजं शिजवून थोडं निवलेलं द्या, लसणाच्या फोडणीपासून लांब. तुमचा डबा त्याच्या पलंगावर उघडू नका, झाकणासकट कॉरिडॉरमध्ये न्या. तोंडाला धातूची चव येते अशी तक्रार असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून बघा. तोंड आलं असेल तर आंबट-तिखट बंद. मऊ गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, तांदळाची पेज, वर तूप. ताटभर वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी चार चमचे.

आणि हे कुणी सांगत नाही: मुलाचा सगळ्यात लाडका पदार्थ किमोच्या दिवशी देऊ नका. उलटी आणि तो पदार्थ यांची डोक्यात गाठ बसते. लेकीला शिरा फार आवडायचा. तिला बरं वाटावं म्हणून किमोच्या पहिल्या फेरीला मी मुद्दाम घेऊन गेले. आज उपचार संपून तीन वर्षं झाली, घरात रवा भाजायला घेतला की ती गॅलरीत जाऊन उभी राहते.

९. त्यापेक्षा घरचा डबाच आणला तर?

वॉर्ड परवानगी देत असेल तर उत्तम, पण घरचं म्हणजे आपोआप सुरक्षित असं नाही. कल्याण-डोंबिवलीहून डबा निघतो तेव्हा गरम असतो. लोकल, पूल, गेटवरची तपासणी, लिफ्टची रांग करून पलंगापर्यंत पोचतो तेव्हा कोमट. कोमट अन्नात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहून कमी. भाताला खास जपा. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तसाच राहिला की वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायची आपली सवय इथे चालणार नाही.

उकळत्या पाण्याने आधी गरम केलेला स्टीलचा थर्मास वापरा. वरण-भात कालवून आणू नका, वेगळं आणा. उरलं तर तुम्ही खा, मुलासाठी राखून ठेवू नका.

१०. गावाहून आलोय, महिने लागणार म्हणतात. रोज दोन वेळा कॅन्टीन परवडत नाही.

कुणालाच परवडत नाही. पहिलं काम: वैद्यकीय समाजसेवकांच्या खोलीत जा. केईएम, वाडिया बाल रुग्णालय आणि टाटा मेमोरियल ही तिन्ही रुग्णालयं परळला एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे या भागात मदत करणाऱ्या संस्थाही दाटीने आहेत. कुठे काय मिळतं ते या खोलीत माहीत असतं.

दादरला संत गाडगेमहाराज धर्मशाळा आहे, कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना तिथे राहता येतं. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून मोफत निवास देतात आणि तिथे स्वतः रांधता येतं. घरचं पिठलं स्वतःच्या हाताने करता येणं म्हणजे काय, ते महिनाभर कॅन्टीनची राइस प्लेट खाल्लेल्यालाच कळेल. जागा मर्यादित असते, अर्ज रुग्णालयामार्फत लवकर करा. कडल्स फाउंडेशनचे आहारतज्ज्ञ कॅन्सरच्या मुलांसाठी अनेक रुग्णालयांत काम करतात. तुमच्या वॉर्डात आहेत का विचारा. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली १० रुपयांची शिवभोजन थाळी (दोन चपात्या, भाजी, वरण, भात) जवळच्या केंद्रावर चालू आहे का बघा.

फुटपाथवर संस्थांची गाडी येते, रांग लागते. अनेकांना त्या रांगेत उभं राहायची लाज वाटते. साताऱ्याच्या एका बागायतदाराने मला सांगितलं, "ताई, आमच्याकडं मळणीला पन्नास माणसं जेवतात, मी ताट घेऊन कसा उभा राहू?" मी म्हटलं, मळणीला येणारेही कुणाचे तरी बापच असतात. दुसऱ्या दिवशी उभा राहिला. हे अन्न तुमच्यासाठी. मुलाला प्रश्न ४ चेच नियम.

११. किडनी, मधुमेह, फिट्स यांच्या मुलांना हेच नियम का?

नाही, इथे नियम उलटेपालटे होतात.

किडनी निकामी असेल तर भेटायला येणाऱ्यांचं लाडकं शहाळं धोक्याचं ठरू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केळं-संत्र्याचंही तेच, म्हणून प्रश्न ५ मधली फळं या मुलांना लागू नाहीत. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (किडनीतून प्रथिनं लघवीवाटे जातात आणि अंगावर सूज येते, तो आजार) सूज असेपर्यंत मीठ मोजून. कॅन्टीनचं सांबार-भाजी बहुधा त्यात बसत नाही.

टाइप १ मधुमेहात ताट हातात आल्याशिवाय जेवणाचं इन्शुलिन देऊ नका. टोकन घेतलं म्हणजे जेवण आलं असं नसतं, रांग अर्धा तास सरकत नाही आणि तोवर साखर उतरते. खिशात साखरेची पुडी हवीच. तीन चहाचे चमचे साखर म्हणजे साधारण १५ ग्रॅम.

फिट्ससाठी कीटो आहार (भरपूर स्निग्ध, पिठूळ-गोड अगदी मोजकं) चालू असेल तर कॅन्टीनचा विषयच संपला. एक बिस्किट, एक गोड सिरपसुद्धा हिशेब बिघडवतं. किडनी किंवा लिव्हर बदललेल्या मुलाला टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते औषध) असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट नको, औषधाची रक्तातली पातळी त्याने चढते.

१२. मी नवस बोललेय, गुरुवार-शनिवार उपास करते. चालेल ना?

श्रद्धेवर मी बोलणार नाही, पण वॉर्डातला उपास म्हणजे दिवसभर चहा, एखादा केळीचा वेफर आणि रात्रीचं जागरण. अंगावर पाजत असाल किंवा स्वतःला शुगर-बीपी असेल तर करू नका. माझ्या सासूबाईंनी तोडगा काढला होता: "तू जेव, तुझे उपास मी गावी करते." देवाने काही हरकत घेतली नाही. मांसाहार, हलाल, जैन जेवण याची सोय हवी असेल तर आहारतज्ज्ञांना आधी सांगा.

१३. शेजारच्या पलंगावरचं मूल आपल्या खाऊकडे बघतं. द्यावं का?

त्याच्या आईला विचारल्याशिवाय कणभरही नाही. तो एनबीएम असू शकतो, कीटोवर असू शकतो, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. वाढदिवसाला खाऊ वाटायचा तर रंगीत खडू, स्टिकर वाटा. आमच्या वॉर्डात साबणाच्या फुग्यांची बाटली पेढ्यांपेक्षा जास्त खपली.

१४. कॅन्टीनने पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे घेतले. तक्रार कुठे?

छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, दवाखान्यातही नाही. बिल मागा, फोटो काढा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न खराब निघालं तर कॅन्टीनच्या भिंतीवरचा चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) परवाना क्रमांक टिपून आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी द्या, मग अन्न व औषध प्रशासनाकडे. वेटरशी भांडू नका. तो पोऱ्या तिथेच झोपतो, त्याला दर ठरवायचा अधिकार नाही.

१५. डिस्चार्ज झाला, आता मूल घरची इडली खात नाही. कॅन्टीनचीच हवी म्हणतं!

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि मला हसू येतं, कारण आमच्याकडेही हेच झालं. मी तांदूळ बदलले, उडीद बदलले, शेवटी लेक म्हणाली, "आई, तुझी मऊ होते." तिला कॅन्टीनची ती जराशी चिवट इडलीच खायची होती.

फॉलोअपच्या दिवशी काउंट चांगले असतील तर खुशाल द्या, प्रश्न ४ ची चटणी वगळून. फक्त क्रम सांभाळा. सीबीसीला (काउंट बघायच्या रक्ततपासणीला) उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे रक्त दिल्यावर रिपोर्टची वाट बघत बसताना खाता येतं. पण त्याच दिवशी पाठीतलं इंजेक्शन असेल तर इडली पार्सल घ्यायची, मूल शुद्धीवर येऊन डॉक्टरांनी खायला सांगेपर्यंत ती गार होणार, म्हणून ती तुम्ही खायची आणि त्याला नवी गरम आणायची. दोन प्लेटचे पैसे जातात.